आवळून मिळणार नाही

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आत्याचं शिवणाचं दुकान होतं. दारावर तिच्याच हाताने रंगवलेली पाटी होती: ‘कपडे सैल करून मिळतील. आवळून मिळणार नाहीत.’ नवीन गिऱ्हाईक ती वाचून हसायचं आणि आत येऊन विचारायचं, ही काय भानगड? आत्या तोंडातल्या टाचण्या न काढता नुसती मान हलवायची. चापूनचोपून बसणारे कपडे हवे असलेल्या मुली नाक मुरडून दुसरा शिंपी गाठायच्या. गल्लीत तिचं नाव इंचबाई पडलं होतं, कारण कमरेला एक इंच ती जास्त धरायचीच, आणि शिवणीच्या आत आणखी दोन इंचांची माया सोडायची. पुढे माणूस वाढलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. माणूस वाढणारच, अशी तिची ठाम समजूत होती.

पाटीचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. बाबांना दोन मोठ्या बहिणी. ही धाकटी, आणि एक थोरली. थोरली गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. मला ती आठवत नाही, तरी मी तिच्याबरोबरच वाढले. दुकानाच्या कोपऱ्यात कपडे चढवून बघायचा एक पुतळा होता, लोखंडी पायावर उभा, बिनडोक्याचा. थोरली धडधाकट होती तेव्हा आत्याने कापूस आणि चिंध्या भरून तो नेमका तिच्या मापाचा केला होता. ती गेल्यावर आत्याने त्याच्यावर पांढरी चादर टाकली आणि त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. डोकंच नव्हतं तर तोंड कुठलं, असं तुम्ही म्हणाल. पण तो भिंतीकडे तोंड करूनच उभा होता, हे घरात कोणालाही विचारा. लहानपणी माझा चेंडू त्या कोपऱ्यात गेला की मी नवीन चेंडू मागायची. नोकरीला लागल्यावरही त्याच्याकडे पाठ करून बसायला मला नको वाटायचं.

आई बस डेपोत तिकीट खिडकीवर होती. बाबा लांबच्या धरणाच्या कामावर, रविवारी फोनवर भेटायचे. त्यामुळे घरात आम्ही तिघी, आणि कोपऱ्यातली चौथी. आईचं पोट दुखायला लागलं आणि बेंबीच्या वर लिंबाएवढा फुगवटा दिसायला लागला, तेव्हा मी तिला ओढतच रुग्णालयात नेलं.

सर्जन तुटक बोलणारे होते. रक्त, सोनोग्राफी, सगळं करून झाल्यावर म्हणाले, ‘बाकी तब्येत ठणठणीत आहे. पण हर्निया आहे. पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, आतडं त्यातून डोकावतंय. शिवायला हवं. आणि सत्त्याण्णव किलोला मी हात लावणार नाही, टाके टिकायचे नाहीत. नव्वदच्या खाली या.’

‘आणि नाही जमलं तर?’ आईने विचारलं.

‘तर एखाद्या दिवशी आतडं अडकेल. मग घाईत कापावं लागेल.’ त्यांनी पेनाला टोपण लावलं. ‘ती वेळ येऊ देऊ नका. घरी वजनकाटा ठेवायचा नाही. रोज काट्यावर उभी राहून माणसं वेडी होतात. दोन महिन्यांनी इथेच वजन करू. तोपर्यंत तुमचे कपडेच सांगतील.’

कपडे सांगतील! घरात शिंपीण असलेल्या बाईला हे किती सोपं वाटलं असेल. आई तर येताना रिक्षात हसतच होती.

दुसऱ्याच दिवशी तिने दोन घरं पलीकडच्या निवृत्त पोस्टमनकाकांना गाठलं. हृदयाचं दुखणं झाल्यावर त्यांनी स्वतःचं अठरा किलो वजन उतरवलं होतं आणि त्याबद्दल बोलायला त्यांना फक्त निमित्त लागायचं. ते म्हणाले, ‘वजन कमी करायचंय हे विसरून जा. सकाळी बूट घालायचे, एवढंच ठरव. बूट घातलेला माणूस घरात बसत नाही, त्याला लाज वाटते. आणि एक ऐक. पहिले दोन महिने सगळ्यात वाईट. कष्ट आपल्याला दिसतात आणि फरक कुणालाच दिसत नाही. तिथेच माणूस सुटतं.’

रोज सकाळी साडेसहाला ते फाटकापाशी येऊन सायकलची घंटी एकदाच वाजवायचे. आई बूट घालून तयार असायची. ते सायकल हातात धरून चालायचे, आई शेजारी, आणि मी मागून जांभया देत. तिच्याबरोबर मीही साखर सोडली. बिनसाखरेच्या चहाचा पहिला घोट घेताना आम्ही एकमेकींचं तोंड बघून हसून घ्यायचो. उकडलेल्या भाज्या, अंडी, सूप, फळं. आत्याही तेच खायची, कुरकुर न करता. फक्त एक होतं. आम्ही आईला शाब्बासकी द्यायला लागलो की ती ताट उचलून उठायची. मला राग यायचा. घरातल्या एका माणसाने उमेद वाढवणारा एक शब्द काढू नये? पोस्टमनकाका परके असून रोज उजाडता फाटकात उभे राहतात!

तिसरा आठवडा संपत आला तेव्हा आई डेपोतून आली ती पिशवी न ठेवताच थेट दुकानात शिरली. तिचा गणवेश म्हणजे निळा बंद कोट आणि निळी पँट, दोन जोड, दोन्ही आत्याने शिवलेले. आईने पँटच्या कमरेत बोट घालून दाखवलं.

‘ताई, हे बघा! बोट जातंय! परवापर्यंत श्वास घेता येत नव्हता!’

आत्या कैचीने कापड कापत होती. कैची थांबली. तिने आईच्या बोटाकडे पाहिलं, मग तिची नजर कोपऱ्यातल्या चादरीकडे गेली आणि परत आली. ‘हं,’ म्हणाली. ‘कपडे बदलून ये, वहिनी. गणवेश टाक इकडे, इस्त्री करून ठेवते.’

गणवेश धुणं, इस्त्री करणं आत्याकडेच असायचं, मशीन आणि मोठी इस्त्री दुकानात होती म्हणून. त्यात वेगळं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुट्टीवर होते, तेव्हा दुकानाचं दार आतून लावलेलं होतं आणि मशीन थोडं थोडं चालत होतं. दोन वीत चालायचं, थांबायचं. मी म्हटलं, काहीतरी बारीक काम असेल.

त्यानंतर आईचं बोट कमरेत गेलं नाही. चौथ्या आठवड्यात नाही, पाचव्यात नाही. सहाव्यात तर तिने बटण लावताना पोट आत ओढलं आणि आरशात माझ्याकडे बघितलं. ‘मागे जात होतं गं बोट. तूही पाहिलंस ना?’

‘पाहिलं की. कापड धुवून आटलं असेल.’

‘सात वर्षं धुतोय आपण हे कापड.’

ती चालत राहिली. वाढलेलं अर्धं बाजूला काढत राहिली. डेपोत कोणी म्हणालं, चेहरा बारीक झालाय तुमचा, तर ती म्हणायची, लोक गोड बोलतात, माझी पँट खोटं बोलत नाही. आणि मी? मी हिशेब मांडला. एवढं चालून, एवढं सोडून माणूस तसूभर कमी होत नाही, म्हणजे ते कुठेतरी खातंय. डेपोच्या कँटीनमध्ये केक मिळतो, मला माहीत होतं. सातव्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी पँटचं बटण लागेना म्हणून ती रडकुंडीला आली आणि मी बोलून गेले.

‘आई, खरं सांग. तिकडे काही खातेस का तू? आमच्यापासून चोरून?’

तिने बटण सोडून दिलं. ‘तुलाही तसंच वाटतं?’ एवढंच म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली. आत्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती काहीही बोलली नाही, आणि त्या न बोलण्याचा अर्थ मला कळायला आणखी चार दिवस गेले.

दुसऱ्या सकाळी घंटी वाजली आणि आई उठली नाही. बूट दाराशी होते. पोस्टमनकाका पाच मिनिटं थांबले आणि निघून गेले. संध्याकाळी आईने डेपोतून खरंच केक आणला, अख्खा, आणि टेबलाशी बसून माझ्यासमोर खाल्ला. ‘घे, आता डोळ्यांनी बघ,’ म्हणाली. ‘होईल ते होईल. अडकू दे आतडं.’ मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘तू काय चुकीचं बोललीस? कपडे सांगतायत ना.’ चार दिवस असेच गेले. चारही दिवस साडेसहाला घंटी वाजली, एकदाच. काका आत आले नाहीत, निरोप पाठवला नाही, समजावणीचा एक शब्द बोलले नाहीत. पाच मिनिटं थांबायचे आणि जायचे. मी पडद्याआडून बघायची आणि मला स्वतःची शरम वाटायची. आई घंटी ऐकून कूस बदलायची. रोज रात्री पोटावर हात ठेवून झोपायची आणि मी तिचा श्वास ऐकत पडायची, अडकतोय का म्हणून.

त्या चौथ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी आईने आंघोळीला जाताना घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. चामड्याचा जुना पट्टा, एका भोकापाशी वर्षानुवर्षं बकल लागून खोल वळ पडलेला. पण बकलची नवी खूण तिथे नव्हती. दोन भोकं आत होती, ताजी. तिच्या स्वतःच्या लक्षातही आलं नव्हतं. सकाळी घाईत घड्याळ सैल वाटलं, तिने पुढच्या भोकात घातलं, संपलं.

मी पट्टा हातात घेऊन उभी राहिले. मनगट बारीक होतं आणि कंबर नाही? हे घड्याळ आत्याच्या हातून गेलेलं नव्हतं, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात आली. मी दोरीवरची पँट ओढली आणि उलटी केली. कमरेच्या मागच्या शिवणीत एकाशेजारी एक अशा टिपा होत्या. पहिली जुनी, फिकट. तिच्या आत दुसरी, मग तिसरी. मी बोटाने मोजल्या. जुनी धरून सहा. प्रत्येक टीप आधीच्या टिपेच्या पाव इंच आत, म्हणजे कमरेत अर्धा इंच कमी, सरळ, सुबक, आत्याच्याच हातची. दुसरी पँटही तशीच. कोटाच्या दोन्ही बाजूंनाही तेच.

मी पँट घेऊन दुकानात गेले. भर दुपार होती, बाहेर गाड्यांचा आवाज होता आणि आत्या खिडकीपाशी बसून काज करत होती. मी पँट तिच्या मांडीवर टाकली.

‘पाटी काढून टाक दारावरची,’ मी ओरडले. ‘जगाला नाही म्हणतेस आणि घरात चोरून आवळतेस? सात आठवडे झुरतेय ती! मी तिला चोर म्हटलं, तुझ्यासमोर म्हटलं, आणि तू तोंड शिवून उभी राहिलीस?’

आत्याने पँटवरून हात फिरवला. ‘मला ते बघवत नव्हतं,’ ती म्हणाली.

‘काय बघवत नव्हतं?’

‘सैल झालेलं.’

तिने मशीनचा खण उघडला आणि एक वही काढली, जुनी मापांची. पान तिला शोधावं लागलं नाही. वर लिहिलं होतं ‘अक्का’. खाली कंबर: अडतीस, सदतीस, साडेपस्तीस, चौतीस, साडेबत्तीस. आणि प्रत्येक आकड्यापुढे, शाईने, तरुण ठसठशीत अक्षरात: शाब्बास! शाब्बास! शाब्बास! शेवटच्या आकड्यापुढे तर तिने एक फूल काढलं होतं.

‘लोक तिला जाडी म्हणायचे,’ आत्या म्हणाली. ‘मीच म्हटलं, चल, आपण बारीक करू तुला. रोज पहाटे उठवून चालायला न्यायची मी. ती दमायची, म्हणायची आज नको, आणि मी हात धरून ओढायची. महिनाभरात कपडे सैल झाले. मला कोण आनंद! दर आठवड्याला माप घ्यायची, आवळून द्यायची, म्हणायची, अक्का, बारीक झालीस गं, छान दिसतेस. तीही खूश. कपडे अंगावर नीट बसले की कोणाला काय कळतं? सगळ्या गल्लीने कौतुक केलं तिचं. शेवटी तिच्या पायातल्या चपला सैल झाल्या. चालताना फट् फट् वाजायच्या. चपला मला आवळता येईनात. तेव्हा डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, हे आतून खाणारं दुखणं आहे, चार महिने आधी का नाही आलात?’

मशीनच्या चाकावर तिचा हात होता आणि चाक थोडं थोडं मागेपुढे होत होतं.

‘वहिनीने बोट घालून दाखवलं ना, त्या दिवसापासून मला घरात चपला ऐकू येतात. दुपारी. स्वयंपाकघरातून इकडे येतात आणि इथे दाराशी थांबतात. पँट आवळली की बंद होतात. परत सैल झाली की परत सुरू. मला कळत होतं गं, वेड आहे हे. कळत होतं, वहिनी रडतेय. पण हात थांबेना.’

मला तिचा राग आला होता, आणि त्याच वेळी मी दाराकडे पाहायला धजत नव्हते. कारण दाराशी खरंच कोणीतरी उभं होतं. आई. केस ओले, टॉवेल खांद्यावर. कधीपासून ऐकत होती, कोण जाणे.

ती आत आली आणि आत्याच्या समोर जमिनीवर बसली. मला वाटलं, आता ही काय बोलते! बोलायचा हक्क तिचा होता. तिने पँट उचलून टिपा पाहिल्या, एकेक करून, नखाने.

‘ताई, हे सगळं मी कमी केलंय?’

‘हो.’

‘एवढं?’

‘अडीच इंच. वर थोडं.’

आईने पँट तोंडाला लावली आणि ती हसतेय का रडतेय, मला ठरवता येईना. मग म्हणाली, ‘माझं मला परत द्या. उसवा.’

आत्याने उसवायला घेतलं. एक टीप उसवली की आईकडे बघायची आणि आई मान डोलवायची, पुढची. तासभर चाललं होतं. मी दोऱ्याचे तुकडे वेचत बसले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. आईने पँट चढवली आणि सोडली तशी ती घसरून गुडघ्यावर आली. आत्याने डोळे मिटले.

‘डोळे उघडा, ताई,’ आई म्हणाली. ‘बघायला हवंय मला तुमच्याकडून. मी चालून बारीक होतेय. माझं रक्त तपासलंय, पोट तपासलंय. मला काहीही झालेलं नाही. पण तुम्ही बघितल्याशिवाय मला पुढचे दिवस जमायचं नाही.’

आत्याने डोळे उघडले. त्या घसरलेल्या पँटकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली तेव्हा आई बूट घालून पायरीवर बसलेली होती. पोस्टमनकाका एवढंच म्हणाले, ‘चला, उशीर झाला,’ जणू चार दिवस मध्ये गेलेच नव्हते.

दोन आठवड्यांनी, सर्जनच्या वायद्यापेक्षा थोडं उशिराच, आम्ही वजनाला गेलो. आत्या आमच्याबरोबर आली. थोरली गेल्यापासून तिने रुग्णालयात पाऊल टाकलं नव्हतं. आई काट्यावर उभी राहिली तेव्हा आत्याने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. नर्सने आकडा मोठ्याने वाचला: एकोणनव्वद पूर्णांक सहा.

सर्जन म्हणाले, ‘छान. पुढच्या गुरुवारी घेऊ.’ ते कागद लिहायला लागले तर आत्या पुढे झाली.

‘डॉक्टर, ती कमी का होतेय?’

‘चालल्यामुळे. खाणं सांभाळल्यामुळे.’

‘नक्की त्यामुळेच?’

‘नक्की. काल पुन्हा रक्त तपासलंय, त्याचेच रिपोर्ट आहेत हे.’

‘परत एकदा बघा ना.’

सर्जनने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या तुटक माणसाने काही न विचारता सगळे कागद पुन्हा एकेक करून पाहिले. ‘काही नाही,’ म्हणाले. ‘ही बाई निरोगी आहे.’

त्या गुरुवारी ऑपरेशन झालं, टाके टिकले, आई आजही डेपोत जाते. पण मला राहून राहून आठवतो तो रुग्णालयाचा बाहेर जायचा लांब व्हरांडा. आई कागद हलवत पुढे चालली होती. पँट दोन्ही हातांनी वर ओढून दोरीने बांधलेली, कोट पाठीवर झुलणारा. पायात बूट नव्हते, जुन्या चपला होत्या, आणि त्याही तिला सैल झाल्या होत्या. फरशीवर फट् फट् वाजत होत्या.

आत्या जागच्या जागी थांबली. तिने माझं मनगट धरलं. मला वाटलं, ही आता खाली बसेल, किंवा उलट पावली आत पळेल. तो आवाज मी जन्मात ऐकलेला नसूनही मला ओळखीचा वाटत होता.

‘वहिनी,’ तिने हाक मारली.

आई वळली. लांबून, उजेडात, सैल कपड्यांत.

‘बारीक झालीस गं,’ आत्या म्हणाली. ‘छान दिसतेस.’

आई तिथेच उभी राहून तोंडभर हसली. आत्याही हसली. पण माझं मनगट तिने सोडलं नाही, रिक्षात सोडलं नाही, घरी येऊन दुकानाचं दार उघडेपर्यंत सोडलं नाही.